डाएट फेल झाल्याचा पुरावा: इंदूरच्या एका फाइलची गोष्ट

सुदामा नगरकडच्या एका ताईंची केस आहे, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. वय 44, उंची 156 सेंटीमीटर, वजन 93 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 38.2. शुगर नऊ वर्षांपासून, तीन गोळ्या चालू (मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन) आणि तरी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 9.1. घोरणं इतकं की नवरा हॉलमध्ये झोपायचा, शेवटी स्लीप स्टडी केली तर एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, 38 निघाला, 30 च्या वर गेलं की त्याला सिव्हियर स्लीप अॅप्निया म्हणतात. सर्जननी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायची वजनाची सर्जरी, सुचवली, एस्टिमेट साडेतीन लाखांच्या आसपास. फॅमिली फ्लोटरला (अख्ख्या घराची एकच हेल्थ पॉलिसी) पाच वर्षं पूर्ण झालेली, डायबिटीस फॉर्मवर पहिल्याच दिवशी लिहिलेला, वेटिंग पिरियड सगळे संपलेले. अडायला काही नकोच होतं, पण कॅशलेस टाकलं आणि आधी क्वेरी आली, मग नकार आला. कारण एका ओळीत: कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट (ऑपरेशनशिवायचे उपाय) फेल झाल्याचे कागद सादर केलेले नाहीत.

मी डाएटिशियन आहे, इंदूरमध्येच प्रॅक्टिस, आणि ही केस माझ्याकडे या नकाराच्या पत्रासकट आली. ताईंचे मिस्टर आधी टीपीएवर (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी एजन्सी) चिडलेले, मग हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर, मग थोडे बायकोवर पण. "दहा वर्षं डाएटच करतेय ती, अजून काय फेल व्हायचं राहिलंय?" असं म्हणाले ते, आणि खरंच होतं ते.

आता आधी हा क्लॉज काय आहे ते बघू, कारण लोक पॉलिसीचं ते पान कधी उघडतच नाहीत. आयआरडीएआयनी, म्हणजे इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाने, सप्टेंबर 2019 मध्ये हेल्थ पॉलिसीतली एक्सक्लूजन्स (कशाचा खर्च मिळणार नाही ती कलमं) एकसारखी करून टाकली, प्रत्येकाला कोड दिला, त्यात लठ्ठपणाचा कोड 6. त्यात असं आहे की वजनाच्या सर्जरीचा खर्च मिळणार नाही, जोपर्यंत या सगळ्या अटी पूर्ण होत नाहीत: सर्जरी डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, क्लिनिकल प्रोटोकॉलला धरून हवी, वय 18 किंवा जास्त हवं, आणि बीएमआय 40 किंवा वर हवा, किंवा निदान 35 असेल तर सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा. ते चार म्हणजे लठ्ठपणामुळे झालेली कार्डिओमायोपथी (हृदयाच्या स्नायूचा आजार), कोरोनरी हार्ट डिसीज, सिव्हियर स्लीप अॅप्निया आणि कंट्रोलमध्ये नसलेला टाइप 2 डायबिटीस. आणि या 35 वाल्या ओळीलाच शेपूट आहे की वजन कमी करायचे कमी चिरफाडीचे उपाय करून फेल झालेले असले पाहिजेत.

इथेच ताई अडकल्या. बीएमआय 40 असता तर हा प्रश्न इतका टोकाला आलाच नसता, 38.2 होता म्हणून ते शेपूट लागू झालं.

गंमत अशी की फेल होणं म्हणजे किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली, किती किलो, यातलं काहीही त्या क्लॉजमध्ये नाही. सहा महिन्यांचा आकडा टीपीएच्या क्वेरीत होता, पॉलिसीत नव्हता. हा सहा महिन्यांचा आकडा लोकांनी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पण ऐकलेला असतो, तिथे बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या सर्जरीच्या आधी तीन ते सहा महिने डॉक्टरच्या देखरेखीखालचं डाएट मागतात, आणि तिथल्या बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या सोसायटीने 2016 मध्येच लेखी भूमिका घेतलीय की अशा सक्तीच्या डाएटचा फायदा होतो याला पुरावा नाही, उलट पेशंटची ट्रीटमेंट लांबते. माझं पण साधारण तेच मत आहे. पण मत काही फाइलला लावता येत नाही.

मग मी ताईंना विचारलं की दहा वर्षांत काय काय केलं. यादी लांबलचक. एका न्यूट्रिशन क्लबचा शेक सकाळ-संध्याकाळ, व्हॉट्सअॅपवर आलेला सात दिवसांचा जीएम डाएट, मोबाइलवर बघून कीटो, जिमची वर्षाची फी भरून तीन महिने जाणं, मेथीचं पाणी, जिऱ्याचं पाणी, दालचिनीचं पाणी, एका बाईंकडून पोटाला लावायचा पट्टा. प्रत्येक वेळी चार-पाच किलो गेले आणि सहा-सात परत आले. यातलं एकही कागदावर नाही! शेकवाल्यांनी वजन लिहून दिलेलं ते कार्ड पण फेकलेलं. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दर वेळी शुगर आणि बीपी लिहिलेलं, वजन कुठेच नाही, खाली फक्त "अॅडव्हाइस: वेट लॉस" आणि सही.

मी त्यांना सांगितलं, त्या चिठ्ठ्या सगळ्या गोळा करा, त्यावर तारीख आहे, रजिस्ट्रेशन नंबर आहे, आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं हे तर त्यातून सिद्ध होतंच. जुन्या फायली, सोनोग्राफी, एखादं जुनं डिस्चार्ज कार्ड, जिथे जिथे वजन लिहिलंय ते काढा. त्यांना मुलाच्या वेळच्या सिझेरियनचं कार्ड आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनचं कार्ड सापडलं, दोन्हीवर वजन. त्यातून निदान वीस वर्षांचा चढता आलेख तरी दिसला.

दरम्यान ओळखीतल्या एका एजंटने मिस्टरांना शॉर्टकट सांगितला. "भिया, किसी डाइटिशियन से छह महीने का चार्ट बनवा लो, पुरानी तारीख में, दो हजार में हो जाएगा." ते बिचारे मला येऊन विचारायला लागले की मॅडम, असं होतं का. होतं. सगळीकडे होतं. मी करत नाही, आणि उपदेश न करता कारण पण सांगते. टीपीएचा डॉक्टर चार्ट बघतो तेव्हा शेजारी लॅबचे रिपोर्ट ठेवून बघतो, चार्टवर मार्चमध्ये 90 किलो आणि त्याच आठवड्यातल्या ओपीडी पेपरवर 93 असेल तर पूर्ण फाइलवरचा विश्वास जातो. आणि पॉलिसीला सलग 60 महिने झाले की जुनी माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही, हे जे संरक्षण ताईंना मिळालेलं होतं, ते फ्रॉडला मिळत नाही. इतक्या वर्षांचा प्रीमियम भरून मिळवलेली गोष्ट दोन हजारात घालवायची का, एवढंच विचारलं मी. तो विषय तिथे संपला.

जुलैपासून सुरू केलं. सर्जन, डायबिटीसचे डॉक्टर आणि मी, तिघांनी एकाच वजनकाट्यावरचं वजन धरायचं ठरवलं, हॉस्पिटलच्या ओपीडीतला काटा. महिन्यातून एकदा तिथे वजन, तारखेसकट, सही-शिक्क्यासकट. माझ्या चार्टवर काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय झालं, दोन्ही लिहायचं. दुसरं लिहायला लोक घाबरतात, त्यांना वाटतं की "या महिन्यात पथ्य पाळलं नाही" असं आलं तर क्लेम जाईल. पण सहा महिने शंभर टक्के पथ्य असलेली फाइल मी स्वतः टीपीएत असते तर आधी तीच उघडून बघितली असती.

डाएट बाराशे कॅलरीचं, प्रोटीन साठ-पासष्ट ग्रॅम, घर शाकाहारी. इंदुरात राहून डाएट म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला नाही कळायचं. पोहे तसे हलकेच, वाफेवरचे, तेल कमी, पण त्यावर मूठभर शेव पडली की दीडशे कॅलरी तिथेच, मग जिरावन मसाला, मग जिलेबी "एकच". शेव तर आमच्याकडे भाजीत, वरणात, दहीभातावर, कुठेही पडते. ताईंना मी पोहे बंद केले नाहीत, शेवेच्या जागी वाफवलेली मटकी आणि कांदा सांगितला, तसे उसळ-पोहे इथे खातातच लोक, त्यामुळे त्यांना ते पथ्य वाटलं नाही. रविवारचे दाल-बाफले महिन्यातून एकदा, तेही बाफला तुपात न बुडवता. संकष्टी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी हा मोठा खड्डा होता, शुगरच्या पेशंटला उपासाच्या दिवशी खरं तर सगळ्यात जास्त स्टार्च जातो पोटात, तिथे राजगिरा, दही आणि शेंगदाण्याची आमटी मोजून. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. "उपास आहे की दवाखाना," असं म्हणाल्या, पण नंतर त्याच राजगिऱ्याची भाकरी थापून द्यायला लागल्या.

ऑगस्टमध्ये 91.2, सप्टेंबरमध्ये मोदक होऊनही 89.8, ऑक्टोबरच्या सुरुवातीला 88.4. एचबीएवनसी 7.9 वर आलं. मी खूश, डायबिटीसचे डॉक्टर खूश, आणि ताईंचा रात्री फोन, रडवेल्या आवाजात.

"मॅडम, अजून सव्वातीन किलो गेले तर मी 35 च्या खाली जाते ना?"

हिशोब बरोबर होता त्यांचा. 156 उंचीला बीएमआय 35 म्हणजे 85.2 किलो. घरात चर्चा झाली होती की आता मंजुरी येईपर्यंत थोडं खाऊन घे, चालणं थांबव, शुगर पण जरा वर राहू दे नाहीतर "कंट्रोलमध्ये नाही" हे कसं दाखवणार. कोणी वाईट बुद्धीने बोलत नव्हतं, क्लॉजच असा आहे की त्यातून हेच सुचतं. डाएट मनापासून करा म्हणतो, आणि मनापासून केलं की पात्रता हातातून निसटायला लागते. ही अट लिहिणाऱ्याने एकदा तरी पेशंटसमोर बसून हा प्रश्न ऐकायला पाहिजे, असं मला दर वेळी वाटतं.

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण हा प्रश्न प्रत्येक केसमध्ये येतो. एक, खाऊन वजन धरून ठेवायचं नाही, लिव्हरवर चरबी आहे तुमच्या, ती वाढवून टेबलवर जायचं म्हणजे सर्जनचं काम अवघड आणि तुमची रिस्क जास्त. दोन, तुमच्याकडे दोन आजार आहेत, एकट्या शुगरवर केस उभी नाही, स्लीप अॅप्नियाचा रिपोर्ट 38 चा आहे आणि चार-पाच किलोने तो नॉर्मल होत नाही. तीन, बीएमआय कुठल्या तारखेचा धरायचा हे क्लॉजमध्ये लिहिलेलं नाही, म्हणून सुरुवातीचं 93 सर्टिफाइड आहे ना, ते प्रत्येक पत्रात वर लिहायचं आणि इन्शुरन्स कंपनीला ईमेल करून आत्ताच विचारायचं की देखरेखीखालच्या डाएटमध्ये वजन कमी झालं तर पात्रतेला कुठलं वजन धरणार. आणि चार, समजा तुमचं वजन खरंच 80 वर आलं आणि टिकलं, शुगर दोन गोळ्यांवर सहाच्या घरात आली, तर मग ऑपरेशनची गरज आहे का हे पुन्हा सर्जनशी बोलू, त्यात हरण्यासारखं काय आहे? चौथ्यावर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "टिकत नाही हो मॅडम. मला माहितीय ना."

ईमेल गेला. उत्तर आठवड्याने आलं, गोलमोल, "दाव्याच्या वेळी कागदपत्रं बघून निर्णय घेतला जाईल." अपेक्षा तीच होती, पण आपण विचारलं होतं याची तारीख राहिली.

आणि टिकलं नाहीच. दिवाळी, लगेच पुतणीचं लग्न, थंडीत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूचे कंद तळायला सुरुवात झालेली. नोव्हेंबरमध्ये 90.6, डिसेंबरमध्ये 90.9, जानेवारीत 91 आणि एचबीएवनसी 8.6. पथ्य पूर्ण सोडलेलं नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. चार्ट बघितला तर लग्नाचे दिवस सोडून कॅलरी चौदाशेच्या आसपासच होत्या. तरी वजन चढलं. वजन उतरलं की शरीर भुकेची हार्मोन्स वाढवतं, खर्च होणारी एनर्जी कमी करतं, जुन्या वजनाकडे परत ओढतं, आणि हे महिनोन्महिने चालू राहतं. फेल्युअर म्हणतात ते हे, आणि फाइलमध्ये आता ते तारखेवार दिसत होतं: उतरलं, थांबलं, परत चढलं, तेही देखरेखीखाली. मी माझ्या पत्रात विशेषणं घातली नाहीत, फक्त आकडे, आणि शेवटी दोन ओळी की आहार, व्यायाम आणि तीन औषधं असूनही वजनात टिकाऊ घट नाही.

मधे एक भलतीच अडचण निघाली. कागद लावताना बघितलं तर सर्जनच्या ओपीडी पेपरवर उंची 160 लिहिलेली, स्लीप स्टडीवर 158, माझ्याकडे 156. कोणीतरी चपला घालून मोजली असेल, कोणीतरी पेशंटला विचारून लिहिली असेल. वाचायला क्षुल्लक वाटतं पण 160 धरली तर ऑक्टोबरच्या 88.4 ला बीएमआय 34.5 येतो, म्हणजे 35 च्या खाली, आणि टीपीएच्या हातात आयता मुद्दा. मग अनवाणी, भिंतीला टेकवून परत मोजली, 156, सर्जननी दुरुस्तीवर सही-शिक्का केला, स्लीप लॅबकडून पण करेक्शन आणलं. ज्यांची केस 35 ते 40 मध्ये आहे त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या कागदांवरची उंची तपासा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

"कंट्रोलमध्ये नसलेला" याची व्याख्या पण क्लॉजमध्ये नाही, म्हणून डायबिटीसच्या डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेतलं: तीन औषधं, त्यांचे डोस, जुलै-ऑक्टोबर-जानेवारीचे तीन एचबीएवनसी, आणि इतकं असूनही 7 च्या खाली आलेलं नाही. थायरॉइड आणि कॉर्टिसोलचे रिपोर्ट होतेच, मानसोपचारतज्ज्ञांची नोट होती. इंजेक्शनचा मुद्दा मी आधीच घालायला लावला. शुगर आणि वजनाचं मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हापासून क्वेरीत हळूच विचारलं जातं की हे का नाही दिलं, आणि ओपीडीचं औषध म्हणून त्याचा खर्च या पॉलिसीत मिळत नव्हता. डॉक्टरांनी पत्रात लिहिलं की पर्याय समजावला, महिन्याचा खर्च आणि औषध थांबवल्यावर वजन परत येण्याची शक्यता बघून पेशंटने नाही म्हटलं. झालं.

प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज, कधी टाकायचं यावर डेस्कवाल्याशी जरा वाद झाला. तो म्हणाला, अॅडमिशनच्या दोन दिवस आधी टाकू, नेहमी तसंच करतो. मी म्हटलं नाही, लिक्विड डाएटच्या आधी टाका. सर्जरीच्या आधीचे दोन आठवडे आठशे कॅलरीचं, बहुतेक प्रोटीनचं पातळ डाएट असतं, त्याचं कारण इन्शुरन्सशी संबंधित नाही, लिव्हरचा डावा भाग पोटावर येतो, चरबीने फुगलेला असेल तर दुर्बिणीतून पोट दिसतच नाही, या दोन आठवड्यांत तो आक्रसतो. पण त्यात तीन-चार किलो जातात. तेव्हा मंजुरीचं वजन त्या आधीचं नोंदलेलं बरं. मंजुरी किती दिवस चालते ते टीपीएला विचारून घेतलं, तारखा बसल्या. ताई त्या दोन आठवड्यांत 87.2 वर आल्या, म्हणजे 35.8, खाली नाही गेल्या पण जवळ गेल्याच. या डाएटमध्ये डायबिटीसच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं कारण इतक्या कमी खाण्यावर शुगर धाडकन पडते, आणि डापाग्लिफ्लोझिन पण बंद, कारण त्यात शुगर नॉर्मल दिसत असताना किटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणं) होऊ शकतो. हे कोणी स्वतःच्या मनाने करू नका, आणि असं डाएट डॉक्टरला न विचारता तर मुळीच नको.

कॅशलेसवर एका तासात निर्णय द्यायचा असा आयआरडीएआयचा मे 2024 पासूनचा नियम आहे. प्रत्यक्षात एक क्वेरी आलीच, "मागील नकारानंतर काय बदलले ते स्पष्ट करा." उत्तर तयार होतं, महिन्यांचा तक्ता एका पानावर, मागे सगळे कागद क्रमाने नंबर घालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली. नसती आली तर पुढचं पण ठरलेलं होतं, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, मग आयआरडीएआयचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल, आणि महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर भोपाळचे इन्शुरन्स ओम्बड्समन (विमा लोकपाल), मध्य प्रदेश त्यांच्याकडे येतं, फी लागत नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जावं लागतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं पण नसतं, पैसे भरून नंतर रीइम्बर्समेंट टाकता येतं, फक्त साडेतीन लाख आधी उभे करायचे कुठून हा प्रश्न उरतो.

फेब्रुवारीत स्लीव्ह झाली, तिसऱ्या दिवशी घरी. बिलातून काही कन्झ्युमेबल्स (ग्लोव्हजसारख्या एकदा वापरून टाकायच्या वस्तू) कापले गेले, आणि घरी लागणारी प्रोटीन पावडर, बी12, आयर्न, कॅल्शियम हे सगळं खिशातून, सप्लिमेंट्स हॉस्पिटलायझेशनच्या बाहेर मिळत नाहीत, त्याचं वेगळं एक्सक्लूजन आहे, कोड 14. हा खर्च आयुष्यभराचा आहे हे मिस्टरांना मी जुलैमध्येच सांगितलं होतं, शाकाहारी घरात बी12 तर आधीच तळाला असतं.

आता ताईंच्या नणंदबाई आल्यात माझ्याकडे, उज्जैनहून, वहिनींची फाइल बघून. बीएमआय 33, शुगर आहे, म्हणाल्या आम्हाला पण असंच सहा महिन्यांचं करून द्या. भारतीयांना कमी वजनावरच शुगर आणि हार्टचा त्रास सुरू होतो, म्हणून आपले सर्जन आजार सोबत असेल तर 35 च्या खाली पण सर्जरीचा विचार करतात, त्या हिशोबाने त्या बसतात. पण कोड 6 मध्ये आकडा 35 चाच आहे, आणि तिथे कितीही चांगली फाइल केली तरी दोन पॉइंट कुठून आणणार. त्यांना मी सांगितलं की डाएट सुरू करू, शुगरसाठी करू, इन्शुरन्सचं नाव सध्या काढू नका. बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय त्यांनी, उंची मोजून झाली, अनवाणी.